अननसाच्या वासापासून पीसीव्ही व्हॉल्व्हपर्यंत: आरी हागेन-स्मिट यांची गोष्ट



सेकंडहँड गाडी बघायला गेलात की सोबतचा मेकॅनिक एक गोष्ट हमखास करतो. इंजिन चालू ठेवून ऑइल टाकायचं झाकण उघडतो आणि तिथून धूर किती येतोय ते बघतो. धूर भसाभसा येत असेल तर मान हलवतो. बॅक कॉम्प्रेशन आहे, ही गाडी नको.

गंमत अशी की हा धूर थोड्या प्रमाणात प्रत्येक इंजिनात तयार होतो, अगदी नव्या कोऱ्या गाडीतसुद्धा. तो आपल्याला दिसत नाही, कारण एक छोटीशी रबरी नळी आणि बोटभर लांबीचा एक व्हॉल्व्ह तो गुपचूप परत इंजिनाकडे नेतो आणि तिथे तो जळून जातो. या व्हॉल्व्हचं नाव पीसीव्ही, म्हणजे पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन व्हॉल्व्ह.

घरी किंवा कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये गाडी बनवणारे, इंजिन दुसऱ्या गाडीत बसवणारे बरेच जण सगळ्यात आधी हीच नळी काढून टाकतात. तिच्या जागी टॅपेट कव्हरवर एक छोटा चकचकीत फिल्टर लावला की झालं काम, असं वाटतं. दिसायला भारी दिसतं, हे खरं. पण ही नळी गाडीत आली कुठून, हे कळलं तर ती काढताना हात जरा थांबेल.

आजची गोष्ट आहे आरी हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाची. त्यांनी हा व्हॉल्व्ह शोधला नाही. ते मेकॅनिक नव्हते, ऑटोमोबाइल इंजिनिअरही नव्हते. ते अननसाच्या वासाचा अभ्यास करत होते! तरीही आज जगातल्या जवळपास प्रत्येक पेट्रोल गाडीत ही बंद नळी असण्यामागे त्यांच्या कामाचा मोठा वाटा आहे.

आधी दोन मिनिटं इंजिनाबद्दल

सिलिंडरमध्ये पिस्टन वर-खाली होतो. पिस्टनला रिंगा असतात, त्या सिलिंडरच्या भिंतीला घासून बसतात आणि वरचा दाब वरच अडवतात. पण कुठलीही रिंग शंभर टक्के सील करत नाही. पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबलं जातं आणि जळतं, तेव्हा त्यातला थोडा गॅस रिंगांच्या फटीतून खाली सटकतो. याला ब्लो-बाय म्हणतात. रिंगा झिजल्या की तो वाढतो, आणि आपला मेकॅनिक त्यालाच बॅक कॉम्प्रेशन म्हणतो.

खाली असतो क्रँककेस. म्हणजे क्रँकशाफ्ट जिथे फिरतो आणि तळाशी ऑइल असतं तो बंदिस्त भाग. तिथे गॅस साठत गेला तर काय होईल? कुकरची शिट्टी अडकली तर जे होतं तेच. दाब वाढतो आणि जिथे कमजोर जागा सापडेल तिथून बाहेर पडतो. ऑइल सील गळायला लागतात, गॅस्केटमधून तेल झिरपतं, कधी ऑइल बघायची पट्टीच वर उडते. शिवाय या गॅसमध्ये पाण्याची वाफ आणि न जळलेलं पेट्रोल असतं. ते ऑइलमध्ये मिसळलं की चिखलासारखा गाळ तयार होतो.

म्हणून इंजिनाला श्वास सोडायला वाट द्यावीच लागते. जुन्या काळी ती वाट फार साधी होती. क्रँककेसपासून एक लोखंडी नळी गाडीच्या खाली सोडलेली असायची. गाडी पळायला लागली की खालून जाणारा वारा त्या नळीतून गॅस ओढून घ्यायचा आणि तो रस्त्यावर सोडला जायचा. सोबत तेलाचे थेंबही. ट्रॅफिकमध्ये गाडी उभी असेल तर ओढ जवळजवळ शून्य. पण कोणाची तक्रार नव्हती, कारण तेव्हा लोकांना ती फक्त इंजिनाची बाब वाटायची. त्या नळीचा शहराच्या हवेशी काही संबंध असेल, हे कोणाच्या डोक्यातही नव्हतं.

उट्रेख्टचा केमिस्ट

आरी यान हागेन-स्मिट यांचा जन्म २२ डिसेंबर १९०० रोजी नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट शहरात झाला. वडील तिथल्या सरकारी टांकसाळीत केमिस्ट होते. मुलगाही केमिस्ट्रीकडेच वळला. उट्रेख्ट विद्यापीठातून त्यांनी १९२९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. विषय होता वनस्पतींच्या सुगंधी तेलांमध्ये सापडणारी सेस्क्विटर्पीन नावाची संयुगं.

पुढे त्यांनी उट्रेख्टमध्येच वनस्पतींच्या वाढीच्या हार्मोन्सवर काम केलं. हे काम किती बारीक असतं बघा. खूप मोठ्या कच्च्या मालातून अगदी कणभर पदार्थ वेगळा करायचा आणि तो नेमका काय आहे हे ओळखायचं. ढीगभर गोष्टीतून चिमूटभर खरी गोष्ट शोधायची ही सवय त्यांना आयुष्यभर कामी आली.

१९३६ मध्ये ते अमेरिकेत हार्वर्डला गेले आणि पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना इथल्या कॅलटेकमध्ये दाखल झाले. तिथे ते बायोऑरगॅनिक केमिस्ट्रीचे प्रोफेसर झाले. पॅसाडेना म्हणजे लॉस एंजेलिसच्या अगदी शेजारी, डोंगराच्या पायथ्याशी. हा भूगोल लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९४० च्या दशकात त्यांच्याकडे एक मजेशीर प्रकल्प होता. अननसाला अननसाचा वास नेमका कशामुळे येतो? त्यासाठी त्यांनी टनावारी अननस वापरले. त्यातून निघालेल्या वाफा अतिशय थंड नळ्यांमधून सोडायच्या, म्हणजे वासाची संयुगं गोठून नळीत अडकतात. मग जे थेंब हाती लागतील ते तपासायचे.

शांत, निवांत काम. भांडण नाही, कोर्टकचेरी नाही, पेपरात नाव नाही. पण खिडकीबाहेरची हवा दिवसेंदिवस खराब होत चालली होती.

लॉस एंजेलिसचं धुरकं

२६ जुलै १९४३. दुसरं महायुद्ध चालू होतं. लॉस एंजेलिसवर असं दाट धुरकं पसरलं की थोड्या अंतरापलीकडचं दिसेना. लोकांचे डोळे चुरचुरायला लागले, घसे खवखवायला लागले. जपानने विषारी गॅस सोडला की काय, अशीही भीती पसरली.

मग संशय गेला शहरातल्या एका कारखान्यावर. तिथे युद्धासाठी लागणाऱ्या कृत्रिम रबराचा कच्चा माल बनायचा. कारखाना काही काळ बंद ठेवला. धुरकं मात्र येतच राहिलं.

पुढची काही वर्षं शहर चुकीचा आरोपी शोधत होतं. त्या काळी धुरकं म्हटलं की लंडन आठवायचं, आणि लंडनचं धुरकं म्हणजे कोळशाचा धूर आणि गंधक. त्यामुळे इथेही कारखान्यांच्या धुरावर आणि गंधकावर बंधनं आली. १९४७ मध्ये काउंटीने वायुप्रदूषण नियंत्रणासाठी वेगळं खातं उघडलं. तरी डोळ्यांची जळजळ कमी होईना.

बारकाईने पाहिलं तर या धुरक्याची लक्षणंच वेगळी होती. लंडनचं धुरकं थंडीत आणि अंधारात वाढायचं, लॉस एंजेलिसचं कडक उन्हात. त्याचा रंग तपकिरी, वास ब्लीचिंग पावडरीसारखा. शेतातल्या पालकाची आणि सॅलडच्या भाज्यांची पानं करपल्यासारखी व्हायची. टायरच्या बाजूंना वेळेआधीच चिरा पडायच्या. डोळ्यांत पाणी, पालकावर डाग आणि रबराला चिरा, तिन्ही एकाच शहरात. या तिघांना जोडणारा धागा कोणालाच सापडत नव्हता.

आणि याच शहरात, याच वर्षांत अजून एक गोष्ट जोरात होती: हॉट रॉड. तरुण पोरं जुन्या फोर्ड गाड्या विकत घ्यायची, त्यांचे मडगार्ड काढायची, १९३२ मध्ये आलेलं फोर्डचं फ्लॅटहेड व्ही-८ इंजिन बसवायची, घरच्या गॅरेजमध्ये ट्यून करायची आणि शहराबाहेरच्या कोरड्या तलावांच्या सपाट मातीवर पळवायची. घरी बनवलेल्या गाड्यांच्या छंदाची ती मोठी पंढरीच. त्या गाड्यांचे क्रँककेससुद्धा त्या काळच्या इतर गाड्यांसारखेच उघड्या हवेत श्वास सोडायचे. यात त्या पोरांचा काहीच दोष नव्हता. कंपनीतून येणाऱ्या नव्या गाड्याही तेच करत होत्या.

थंड नळीतले थेंब

पीएच मीटर बनवणारे आणि पूर्वी कॅलटेकमध्येच शिकवलेले अर्नोल्ड बेकमन हे हागेन-स्मिट यांच्या ओळखीचे होते. १९४८ च्या सुमारास त्यांनी आणि प्रदूषण खात्याच्या लोकांनी हागेन-स्मिट यांना गळ घातली. अननसाचा वास पकडायला जे यंत्र वापरता, तेच हवेसाठी वापरून बघा ना.

हागेन-स्मिट यांनी खिडकीबाहेरची सुमारे ३० हजार घनफूट हवा त्या थंड नळ्यांमधून ओढून घेतली. शेवटी नळीत उरलं ते थोडंसं तपकिरी, उग्र वासाचं द्रव. ते तपासल्यावर त्यात अल्डिहाइड, सेंद्रिय आम्लं आणि पेरॉक्साइडसारखी संयुगं सापडली. म्हणजे पेट्रोलसारख्या पदार्थांचं हवेतच अर्धवट ऑक्सिडेशन झाल्याच्या खुणा. कोळशाचा आणि गंधकाचा संशय इथेच ढासळला.

मग त्यांनी उलटा प्रयोग केला. पेट्रोलची वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडं एका भांड्यात घेतली आणि त्यांच्यावर प्रकाश सोडला. तयार झाला ओझोन, आणि सोबत तोच ओळखीचा वास. वनस्पतींवर काम केलेला माणूस, त्यामुळे पानं हीच त्यांची साक्षीदार. बंद चेंबरमध्ये ठेवलेल्या भाज्यांवर हे मिश्रण सोडलं, तर शेतात दिसायचे तसेच डाग पानांवर उमटले.

ओझोन मोजायची त्यांची पद्धतही मस्त होती. रबराची पट्टी वाकवून हवेत ठेवायची आणि तिला चीर पडायला किती वेळ लागतो ते बघायचं. धुरक्याच्या दिवशी चिरा पटकन पडायच्या, स्वच्छ हवेत बराच वेळ लागायचा. महागडं मशीन नाही, फक्त रबर आणि घड्याळ.

आता तिन्ही धागे जुळले. हवेत न जळलेल्या पेट्रोलची वाफ, म्हणजे हायड्रोकार्बन. सोबत नायट्रोजनची ऑक्साइडं. वरून कॅलिफोर्नियाचं ऊन. तीन बाजूंनी डोंगर आणि वर गरम हवेचा थर, त्यामुळे सगळं खोऱ्यातच कोंडलेलं. या भट्टीत ओझोन शिजत होता. म्हणून जळजळ उन्हात वाढायची, म्हणून टायर चिरायचे, म्हणून पालक करपायचा.

सगळ्यात अडचणीची बाब पुढे होती. हे हायड्रोकार्बन येत कुठून होते? तेलशुद्धीकरण कारखाने, पेट्रोलच्या टाक्या आणि लोकांच्या लाडक्या गाड्या. नळीतून निघणारा गॅस डोळ्यांना दिसत नव्हता. तो धूर नव्हताच. हवेत गेल्यावर, उन्हात, काही तासांनी त्याचं विष होत होतं. दोषी वस्तू दिसत नाही आणि दिसणारं धुरकं तिथे तयार झालेलं नाही, हे लोकांना पटवायचं कसं?

शांत माणूस चिडतो

तेल उद्योगाला हे निष्कर्ष मान्य नव्हते. उद्योगाच्या पैशावर स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये धुरक्यावर संशोधन चालू होतं आणि तिथले शास्त्रज्ञ हागेन-स्मिट यांच्या प्रयोगांवर शंका घेत होते. त्यांच्यापैकी एकाने तर थेट कॅलटेकमध्ये येऊन भाषण दिलं आणि हागेन-स्मिट यांचं काम चुकीचं ठरवलं. हागेन-स्मिट श्रोत्यांत बसून ते ऐकत होते.

इथे त्यांच्या आयुष्याला वळण मिळालं. खरं तर आपलं काम झालं असं समजून ते परत सुगंधी संयुगांकडे जाणार होते. पन्नाशीला आलेले, नाव कमावलेले, आवडीचं काम हातात. वादात पडायची गरजच नव्हती. पण आपल्या प्रयोगांना कच्चं म्हटलेलं त्यांना लागलं. ते परत धुरक्याकडे वळले. रजा घेऊन काही काळ काउंटीच्या खात्यासाठी काम केलं, प्रयोग पुन्हा केले, अजून पक्के केले. १९५२ मध्ये लॉस एंजेलिसच्या धुरक्याच्या रसायनशास्त्रावर त्यांचा सविस्तर लेख प्रसिद्ध झाला. पुढच्या काही वर्षांत इतर प्रयोगशाळांनाही तेच दिसलं आणि विरोधाची धार कमी झाली.

सामान्य लोकांनाही हे सहज पचलं नाही. कारखान्यांकडे बोट दाखवणं सोपं असतं. आपल्याच दारातल्या गाडीकडे कोण दाखवणार? घरामागे कचरा जाळायच्या भट्ट्या तिथे घरोघरी होत्या, त्यांच्यावर १९५७ मध्ये बंदी आली. गाड्यांवर काही करायला मात्र अजून वेळ लागला.

उघडी नळी बंद झाली

गाडीतून हायड्रोकार्बन तीन वाटांनी बाहेर पडतात: सायलेन्सरमधून, पेट्रोलच्या टाकी आणि कार्ब्युरेटरमधून वाफ होऊन, आणि क्रँककेसच्या नळीतून. सुरुवातीला सगळ्यांचं लक्ष सायलेन्सरवर होतं. १९५० च्या दशकाच्या शेवटी मोजमाप झालं तेव्हा लक्षात आलं की गाडीच्या एकूण हायड्रोकार्बनपैकी साधारण पाचवा ते चौथा हिस्सा त्या साध्या ब्रीदर नळीतून जातोय. कारण ब्लो-बायमध्ये मोठा भाग जळालेल्या धुराचा नसतोच, तो न जळलेल्या पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचा असतो. म्हणजे अक्षरशः विकत घेतलेलं पेट्रोल रस्त्यावर सांडत होतं.

उपाय नवा शोधायचीही गरज नव्हती. दुसऱ्या महायुद्धात पाण्यातून जाणाऱ्या रणगाड्यांसाठी क्रँककेसची नळी इंजिनाच्या इनटेकला जोडायची पद्धत वापरली गेली होती, म्हणजे नळीतून पाणी आत शिरत नाही. तीच कल्पना आता हवेसाठी उपयोगी पडली.

पीसीव्ही व्हॉल्व्ह चालतो असा. इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये ओढ म्हणजे व्हॅक्यूम असतो. क्रँककेसची नळी तिथे जोडली की घाण गॅस ओढला जातो आणि पुन्हा जळतो. दुसऱ्या बाजूने एअर फिल्टरमधून स्वच्छ हवा क्रँककेसमध्ये येते. मध्ये व्हॉल्व्ह लागतो, कारण ओढ सारखी बदलते:

– आयडलला ओढ सगळ्यात जास्त, पण ब्लो-बाय कमी. तेव्हा स्प्रिंगवरचा दट्ट्या ओढला जाऊन वाट बारीक करतो.

– ॲक्सिलरेटर दाबला की ओढ कमी होते आणि ब्लो-बाय वाढतो. तेव्हा स्प्रिंग दट्ट्याला मागे ढकलते आणि वाट मोठी होते.

– इंजिनाने बॅकफायर केला तर दट्ट्या उलट्या बाजूने बसून वाट बंद करतो, म्हणजे ज्वाला क्रँककेसमध्ये शिरत नाही.

एक स्प्रिंग, एक दट्ट्या. सेन्सर नाही, सॉफ्टवेअर नाही. १९६१ च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियातल्या नव्या गाड्यांमध्ये ही यंत्रणा आली आणि १९६३ च्या मॉडेलपासून कंपन्यांनी ती अमेरिकाभर द्यायला सुरुवात केली. गाडीतली ही पहिली प्रदूषणरोधक यंत्रणा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर यायला अजून बारा-चौदा वर्षं होती.

कॅलिफोर्नियाने १९६० मध्ये गाड्यांच्या प्रदूषणासाठी एक मंडळ नेमलं होतं. हागेन-स्मिट त्याचे सदस्य होते. म्हणजे ज्याने कारण शोधलं, तोच आता नियम बनवणाऱ्यांच्या टेबलावर बसला होता.

हे सगळं गोडीगुलाबीने झालं नाही. १९६९ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने मोठ्या गाडी कंपन्यांवर आणि त्यांच्या संघटनेवर खटला भरला. आरोप असा की प्रदूषण कमी करणारी उपकरणं गाड्यांत आणायला त्यांनी आपसात ठरवून उशीर केला. खटला सुनावणीपर्यंत न जाता त्याच वर्षी तडजोडीने मिटला.

खुर्ची मिळाली आणि गेलीही

१९६७ मध्ये कॅलिफोर्नियाने एअर रिसोर्सेस बोर्ड स्थापन केलं. त्याचे पहिले अध्यक्ष झाले हागेन-स्मिट. गाड्यांच्या प्रदूषणाचे जगातले सगळ्यात कडक नियम करणारी संस्था म्हणून हे बोर्ड पुढे ओळखलं जाऊ लागलं. आपल्याकडे भारत स्टेज हे शब्द येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

१९७१ मध्ये ते कॅलटेकमधून निवृत्त झाले, बोर्डाचं काम चालूच होतं. त्या वेळी वाद पेटला होता रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांचा. नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारं उपकरण त्यांना सक्तीने लावायचं का? नव्या गाडीला नियम लावला तर कंपनी चिडते, जुन्या गाडीला लावला तर मतदार चिडतो. १९७३ च्या अखेरीस गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी हागेन-स्मिट यांना पदावरून दूर केलं. योगायोग बघा, त्याच १९७३ सालासाठी त्यांना नॅशनल मेडल ऑफ सायन्स हा अमेरिकेचा मोठा विज्ञान सन्मान मिळाला.

१९७७ च्या सुरुवातीला बोर्डाच्या एल माँटे इथल्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव देण्यात आलं. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १७ मार्च १९७७ रोजी, पॅसाडेनामध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरने त्यांचं निधन झालं.

आता तुमच्या गॅरेजमध्ये

ही गोष्ट वाचून झाल्यावर आपल्या प्रोजेक्टकडे एकदा नीट बघा. इंजिन बदलताना किंवा घरी गाडी बनवताना ब्रीदरचं काम कसं करायचं, त्याचे काही मुद्दे:

१. दोन वाटा हव्यात. एका बाजूने एअर फिल्टरकडून स्वच्छ हवा आत, दुसऱ्या बाजूने पीसीव्हीमधून घाण गॅस बाहेर. एकच नळी ठेवली तर क्रँककेस धुतला जात नाही, वाफ आणि पेट्रोल ऑइलमध्येच राहतात.

२. व्हॉल्व्ह त्याच इंजिनाचा घ्या. आतली स्प्रिंग त्या इंजिनाच्या हिशेबाने असते. दुकानात मिळाला तो बसवला तर आयडल वर-खाली होत राहील.

३. नळी तेल आणि पेट्रोल सोसणारी हवी. पाण्याची नळी तेलाने फुगते आणि नंतर आतल्या ओढीने चपटी होते. नळीला मध्ये झोळ ठेवू नका. त्यात पाणी आणि तेल साचून वाट बंद होते.

४. टॅपेट कव्हरला नवीन भोक पाडणार असाल तर आत कॅम किंवा चेन जिथे तेल उडवते ती जागा टाळा. आतून पत्र्याची आड द्या. नाहीतर गॅसऐवजी ऑइलच ओढलं जाईल आणि गाडी निळा धूर सोडेल.

५. कॅच कॅन लावा, पण बंद सर्किटमध्ये. म्हणजे डबा नळीच्या मध्ये बसेल, तेल अडवेल आणि गॅस पुढे इनटेकला जाईल. आत तारेची जाळी हवी, नुसता रिकामा डबा फारसं अडवत नाही. आणि तो वेळच्या वेळी रिकामा करा.

६. टर्बो असेल तर बूस्टच्या वेळी मॅनिफोल्डमध्ये ओढ नसते, उलटा दाब असतो. त्यामुळे मध्ये एकाच दिशेने वाट देणारा चेक व्हॉल्व्ह लागतो, आणि दुसरी नळी टर्बोच्या आधीच्या पाइपला जोडावी लागते.

७. एअरफ्लो सेन्सर असलेल्या गाडीत नळी काढून मॅनिफोल्डचं तोंड उघडं ठेवलं तर सेन्सरने न मोजलेली हवा आत शिरते. मग चेक इंजिनचा दिवा लागला की नशिबाला दोष देऊ नका.

तपासायची सोपी पद्धत: गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, इंजिन आयडलला. ऑइलचं झाकण काढून त्या तोंडावर जाडसर कागद ठेवा. थोड्या वेळाने कागद हलकेच चिकटला तर ओढ आहे, यंत्रणा ठीक आहे. कागद उडाला तर व्हॉल्व्ह तुंबलाय, नळी चोंदलीय किंवा रिंगा गेल्यात. हात आणि कपडे पट्ट्यांपासून आणि पंख्यापासून लांब ठेवा.

राहिला प्रश्न त्या चकचकीत छोट्या फिल्टरचा. तो धूळ आत जाऊ देत नाही, पण गॅस सरळ बाहेर सोडतो. म्हणजे १९५० च्या गाडीसारखी उघडी नळीच, फक्त वर क्रोम. आपल्याकडे नव्या पेट्रोल गाडीला मंजुरी देताना क्रँककेसचा गॅस बाहेर पडतो का हे वेगळं तपासतात आणि तिथे शून्याचीच अट असते. पुण्यातल्या एआरएआयसारख्या संस्था अशा चाचण्या करतात. रस्त्यावर चालवायच्या गाडीत ती नळी कापली की आपण ती चाचणी स्वतःच नापास करतो. आणि पॉवर? साध्या रोडच्या इंजिनात या फिल्टरने हाताला जाणवेल अशी पॉवर वाढत नाही. बॉनेटखाली पेट्रोलचा वास मात्र वाढतो.

हागेन-स्मिट यांच्या काळात लोक नळी उघडी सोडायचे, कारण त्यांना माहीत नव्हतं. आपल्याला माहीत आहे. फरक एवढाच आहे, आणि तो फरक घडवायला एका माणसाला आवडतं काम सोडून आयुष्याची वीसेक वर्षं द्यावी लागली.

पुढच्या वेळी बॉनेट उघडाल तेव्हा ती काळी रबरी नळी शोधा. क्लिप घट्ट आहे का बघा, कुठे चीर पडलीय का बघा. चीर दिसलीच तर लगेच बदला. आणि गाडी मॉडिफाय करणारा एखादा मित्र असेल, तर त्याला हा लेख नक्की पाठवा.